एक अब्ज डॉलरचे उपकेंद्र आणि ब्रुकलिनमधली दुकाने : वीजकंपनीच्या ऊर्जाबचतीचे एक प्रकरण

वीज विकून पैसे मिळवणारी कंपनी आपल्याच ग्राहकाला वीज कमी वापरायला का मदत करील, हा प्रश्न कोणत्याही व्यापाऱ्याच्या मनात पहिल्यांदा येतो आणि तो रास्त आहे. जगभरातल्या अनेक वीजकंपन्या दुकानदारांना, कारखानदारांना आणि हॉटेलवाल्यांना ऊर्जा तपासणी करून देतात, नव्या दिव्यांवर सवलत देतात, मोटरी बदलायला अनुदान देतात. पण यातले बरेच उपक्रम वार्षिक अहवालात दोन पाने भरण्यापुरते राहतात, कारण कंपनीचा हिशेब आणि ग्राहकाची बचत या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढत असतात. ही ओढाताण सुटली तर काय घडते, हे समजून घेण्यासाठी न्यूयॉर्क शहरातल्या कॉन एडिसन या कंपनीचे ब्रुकलिन-क्वीन्स (शहराचे दोन विभाग) प्रकरण मुळापासून पाहण्यासारखे आहे. ऊर्जाबचतीच्या अनेक योजनांमधून मी हे प्रकरण निवडले, याचे कारण इथे कंपनीने मदत कोणाला, कुठे आणि दिवसाच्या कोणत्या तासासाठी करायची हे आधी ठरवले आणि मग पैसा खर्च केला.

अडचण नेमकी काय होती

कॉन एडिसन न्यूयॉर्क शहराला आणि लगतच्या वेस्टचेस्टर परगण्याला वीज पुरवते. ग्राहकसंख्या तीस लाखांहून अधिक आहे आणि शहरातले बहुतेक जाळे जमिनीखालून गेलेले आहे. 19 जुलै 2013 रोजी कंपनीच्या क्षेत्रात 13,322 मेगावॅट इतकी मागणी नोंदली गेली, जो तोवरचा उच्चांक होता. मात्र एकूण मागणीपेक्षा कंपनीच्या नियोजनकारांना चिंता होती ती एका विशिष्ट पट्ट्याची. ब्रुकलिनमधील बुशविक, बेडफर्ड-स्टायव्हेसंट, क्राउन हाइट्स, ब्राउन्सव्हिल, ईस्ट न्यूयॉर्क या वस्त्या आणि त्यांना लागून असलेला क्वीन्सचा रिचमंड हिल, ओझोन पार्क, हॉवर्ड बीच हा भाग ब्राउन्सव्हिलच्या दोन उपकेंद्रांवर अवलंबून होता, आणि या उपकेंद्रांना वीज आणून देणाऱ्या मुख्य वाहिन्यांची क्षमता अपुरी पडू लागली होती.

कंपनीच्या अंदाजानुसार 2018 च्या उन्हाळ्यापर्यंत या भागातली मागणी उपलब्ध क्षमतेपेक्षा 69 मेगावॅटने वाढणार होती. याचा अर्थ रोज दिवे जाणार होते असा नव्हे. न्यूयॉर्क शहरातले बहुतांश जाळे असे आखलेले असते की कमाल मागणीच्या वेळी दोन मुख्य फीडर, म्हणजे वीज वाहून आणणाऱ्या मोठ्या केबल, एकाच वेळी निकामी झाले तरी पुरवठा चालू राहावा, आणि 69 मेगावॅटची तूट ही त्या सुरक्षिततेच्या अटीतली तूट होती. अट मोडली तरी एखादा उन्हाळा निभावून जाईल. पण ऐन उकाड्यात केबल जळाली, तर लाखो लोकांचा पुरवठा धोक्यात येईल, आणि हा धोका पत्करण्याची मुभा नियामकाने कंपनीला दिलेली नाही.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आकडा 69 मेगावॅट हा नाही, असे माझे मत आहे. महत्त्वाचा आकडा आहे तासांचा. ही तूट वर्षभरातल्या 8,760 तासांपैकी उन्हाळ्यातल्या साधारण 40 ते 48 तासांपुरतीच होती. त्या दिवसांत दुपारी बाराच्या सुमारास भार मर्यादेबाहेर जाऊ लागे, मध्यरात्रीपर्यंत तो तसाच राही आणि रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान सर्वोच्च बिंदू गाठी. मॅनहॅटनच्या कार्यालयीन भागात मागणी दुपारी टोकाला जाते. इथे वस्ती मुख्यतः राहती. लोक कामावरून परततात, दिवसभर तापलेल्या विटांच्या इमारतींत खिडकीचे एसी सुरू होतात, स्वयंपाक होतो, आणि खालच्या मजल्यांवरची किराणा दुकाने, लाँड्र्या आणि खाणावळी तेव्हाही उघड्याच असतात.

परंपरेने चालत आलेले उत्तर तयार होते : नवे उपकेंद्र, नवे स्विचिंग स्टेशन आणि त्यांना जोडणाऱ्या भूमिगत वाहिन्या. खर्च सुमारे एक अब्ज डॉलर. वर्षातल्या दोन दिवसांइतक्या तासांसाठी एवढी रक्कम घालायची आणि ती पुढची अनेक दशके सर्व ग्राहकांच्या बिलातून वसूल करायची, असा तो प्रस्ताव होता.

कंपनीने काय मागितले आणि आयोगाने काय दिले

जुलै 2014 मध्ये कॉन एडिसनने न्यूयॉर्क राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाकडे, म्हणजे आपल्या नियामकाकडे, वेगळा अर्ज केला. काही महिन्यांपूर्वी, एप्रिल 2014 मध्ये, राज्याने वीजक्षेत्राच्या फेररचनेचे धोरण जाहीर केले होते आणि आयोगाच्या अध्यक्षा ऑड्री झिबेलमन यांनी त्याचा पाठपुरावा चालवला होता, त्यामुळे अर्जाला वातावरण अनुकूल होते. 12 डिसेंबर 2014 रोजी आयोगाने मंजुरी दिली.

योजनेची मांडणी अशी होती. 69 पैकी 17 मेगावॅटची तूट नेहमीच्या अभियांत्रिकी उपायांनी, म्हणजे कपॅसिटर बसवून आणि थोडा भार शेजारच्या जाळ्यांवर वळवून, भागवायची. उरलेल्या 52 मेगावॅटसाठी 20 कोटी डॉलरपर्यंत खर्च करायचा. त्यातले 15 कोटी ग्राहकांच्या जागेत होणाऱ्या उपायांवर आणि 5 कोटी कंपनीच्या स्वतःच्या बाजूने, म्हणजे व्होल्टेजचे नेमके नियंत्रण आणि बॅटरी यांसारख्या गोष्टींवर. ग्राहकांच्या बाजूने 41 मेगावॅट आणि कंपनीच्या बाजूने 11 मेगावॅट मिळवायचे होते. दुकानांतले दिवे, इमारतींतले पंप, छतावरचे सौर संच आणि फ्रीजच्या मोटरी यांनी मिळून एका उपकेंद्राची जागा घ्यावी, अशी ही कल्पना होती, आणि ती एखाद्या प्रायोगिक गल्लीपुरती न ठेवता पुरवठ्याची हमी तिच्यावर टाकली गेली, हे विशेष.

आता पैशाची बाजू. नियमन असलेली वीजकंपनी दोन मार्गांनी कमावते. तिने उपकेंद्र, केबल, ट्रान्सफॉर्मर यांत घातलेल्या भांडवलावर नियामक तिला ठरावीक परतावा देतो. आणि दर ठरवताना धरलेल्या विक्रीपेक्षा प्रत्यक्ष विक्री जास्त झाली, तर मधल्या काळात तिचा महसूल वाढतो. दोन्ही गोष्टी बचतीच्या विरोधात जातात. यापैकी दुसरा अडथळा न्यूयॉर्कमध्ये आधीच दूर झाला होता. 2007 च्या आयोगाच्या धोरणानुसार कंपनीचा मंजूर महसूल विकलेल्या युनिटांपासून वेगळा करण्यात आला. युनिटे कमी खपली तर फरक पुढच्या बिलात भरून निघतो, जास्त खपली तर तो ग्राहकांना परत जातो. त्यामुळे दुकानदाराची बचत हे कंपनीचे नुकसान राहिले नाही.

पहिला अडथळा मात्र तसाच होता. एक अब्ज डॉलरचे उपकेंद्र बांधले तर एक अब्ज डॉलरवर परतावा मिळणार. ते न बांधता वीस कोटींत काम भागवले तर ऐंशी कोटींवरचा परतावा हातचा जाणार. आयोगाने यावर काढलेला तोडगा हा या संपूर्ण प्रकरणाचा गाभा आहे. ग्राहकांच्या दुकानांत आणि घरांत होणारा बचतीचा खर्च हा चालू खर्च न मानता गुंतवणूक मानला गेला. तो दहा वर्षांत वसूल करायचा आणि शिल्लक रकमेवर कंपनीला नेहमीच्या भांडवलाइतकाच परतावा द्यायचा. शिवाय कामगिरी चांगली झाली तर या गुंतवणुकीवर जास्तीत जास्त एक टक्का अधिक परतावा. त्या एका टक्क्याचीही फोड केलेली होती : 41 मेगावॅटचे उद्दिष्ट गाठण्यासाठी 0.45 टक्का, अनेक वेगवेगळ्या पुरवठादारांना वाव देण्यासाठी 0.25 टक्का, आणि दर मेगावॅटमागचा खर्च कमी राखण्यासाठी 0.30 टक्का. दुसऱ्याच्या दुकानातला एलईडी दिवा आता कंपनीच्या ताळेबंदात तांब्याच्या केबलशेजारी जाऊन बसला.

ऊर्जाबचतीच्या चर्चेत ग्राहकांच्या जागृतीवर फार भर दिला जातो. जागृती हवीच; पण ज्या संस्थेकडे ग्राहकाचा पत्ता, मीटर, बिलाचा इतिहास आणि त्याच्या गल्लीतल्या केबलची क्षमता ही सगळी माहिती आहे, तिला बचत घडवण्यात स्वारस्य वाटावे अशी व्यवस्था आधी लावली पाहिजे. इथे ती लावली गेली.

दुकानाच्या पातळीवर काम कसे चालते

कंपनीकडे लहान व्यावसायिकांसाठी एक कार्यक्रम आधीपासून होता. कमाल मागणी सुमारे 100 किलोवॅटपर्यंत असलेल्या व्यवसायाच्या जागेची पाहणी विनामूल्य करायची, कुठे काय बदलता येईल याचा कागद दुकानदाराच्या हातात द्यायचा, आणि त्याने होकार दिला तर कंपनीने नेमलेल्या कंत्राटदाराकडून काम करून घ्यायचे. खर्चाचा 70 टक्क्यांपर्यंतचा वाटा कंपनी उचले. ब्रुकलिन-क्वीन्सच्या पट्ट्यात याच कार्यक्रमावर वाढीव अनुदान चढवण्यात आले. नवी यंत्रणा उभारण्यात वेळ न दवडता चालू यंत्रणेतच ठरावीक भागासाठी जास्त पैसा ओतला, हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, कारण मुदत 2018 च्या उन्हाळ्याची होती आणि कंत्राटदार, मंजुरीची पद्धत, तपासणीचे तक्ते हे सगळे तयार होते.

लहान दुकानदार बचतीकडे का वळत नाही, याची कारणे ब्रुकलिनमध्ये आणि आपल्याकडच्या बाजारपेठेत फारशी निराळी नाहीत. जागा भाड्याची असते आणि भाडेकरार तीन-पाच वर्षांचा; वायरिंगमध्ये घातलेला पैसा घरमालकाच्या पदरात पडेल, ही शंका असते. भांडवल मालात अडकलेले असते. मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला असतो आणि तीन कंत्राटदारांचे दर मागवून त्यांची तुलना करायला त्याला सवड नसते. म्हणून पाहणी, साहित्य, मजुरी, जुन्या ट्यूबांची विल्हेवाट आणि अनुदानाचे कागदपत्र हे सगळे एकाच हाताने करून देणे, हा या मदतीचा खरा भाग असतो. अनुदानाची रक्कम त्यानंतर येते.

एखाद्या किराणा दुकानात कंत्राटदार नेमके काय पाहतो? छताला जुन्या फ्लुरोसंट ट्यूबांची खोकी असतात. बत्तीस वॅटच्या दोन ट्यूबांचे एक खोके चोकसह साधारण 60 वॅट घेते. त्याच जागी बसणारा एलईडी साधारण 30 वॅटमध्ये तेवढाच उजेड देतो. हे सर्वांना ठाऊक असते. कमी लक्ष जाते ते काचेच्या दारांच्या शीतकपाटांकडे. दमट हवेत थंड काचेवर दव धरते आणि आतला माल दिसेनासा होतो, म्हणून दाराच्या चौकटीत बारीक हीटर बसवलेले असतात आणि ते बारा महिने चोवीस तास चालू असतात, मग हवा कोरडी का असेना. दमटपणा मोजून गरजेपुरतेच हीटर चालू ठेवणारे नियंत्रक बसवले की ही वीज वाचते. त्याच कपाटाच्या आत थंड हवा फिरवणारे छोटे पंखे असतात. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या मोटरी घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत घालवतात, आणि ती उष्णता कपाटाच्या आतच पडत असल्यामुळे ती बाहेर काढायला कॉम्प्रेसरला पुन्हा वीज लागते. तिथे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची मोटर बसवली की बचत दोनदा होते, एकदा पंख्यावर आणि एकदा कॉम्प्रेसरवर. हीटरचेही तसेच, चौकटीतल्या उष्णतेचा काही भाग आत शिरतोच. शिवाय दुकानाचे दिवे कमी तापले की एसीवरचा भार उतरतो. दोन-तीनशे चौरस फुटांच्या जागेत एकमेकांत गुंतलेली ही साखळी कागदावर मांडून दाखवणारा माणूस दुकानात येणे, ही गोष्ट दुकानदाराला स्वतःहून विकत घेता येत नाही.

तास आणि जागा यांचे महत्त्व इथेच उघड होते. उदाहरणादाखल हिशेब करू. एका दुकानात चाळीस खोकी बदलली तर 1.2 किलोवॅट भार उतरतो. दुकान दिवसाला चौदा तास आणि वर्षाला 360 दिवस उघडे असेल तर वर्षाला सुमारे 6,000 युनिटे वाचतात. आता जवळच्याच एका कार्यालयात शंभर खोकी बदलली. तिथे 3 किलोवॅट उतरले. दिवसाला दहा तास, वर्षाला 250 दिवस धरले तर 7,500 युनिटे वाचली. वार्षिक युनिटे मोजणाऱ्या कोणत्याही योजनेत कार्यालयाचा नंबर वर लागेल. पण कार्यालय संध्याकाळी सहाला बंद होते. ब्राउन्सव्हिलची केबल रात्री नऊ वाजता तापलेली असते तेव्हा कार्यालयातल्या त्या शंभर दिव्यांचा वाटा शून्य, आणि दुकानाचा पूर्ण 1.2 किलोवॅट. कार्यालयाची बचत वाया गेली असे मुळीच नाही, दुपारच्या तासांत तिचा उपयोग आहे आणि कार्यालयाचे बिलही कमी होते. परंतु उपकेंद्र पुढे ढकलण्याच्या कामी ती कमी किमतीची ठरते. कंपनीने प्रत्येक उपायाची किंमत अशा तासवार भाराच्या वक्रावर ताडून पाहिली, आणि दुपारपासून मध्यरात्रीपर्यंतच्या बारा तासांत कोणता उपाय कुठे बसतो, त्यानुसार पैसा कुठे घालायचा हे ठरवले.

याच हिशेबातून मर्यादाही कळते. एका दुकानामागे 1.2 किलोवॅट धरले तर एका मेगावॅटसाठी 830 च्या आसपास दुकाने लागतात, आणि 41 मेगावॅटसाठी चौतीस हजार. दुकानांवर सगळी मदार ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून मोठ्या निवासी इमारतींमधले जिने, तळघरे आणि सदनिका यांतले दिवे, सरकारी इमारती, इंधनघट (इंधन न जाळता रासायनिक क्रियेने वीज बनवणारे संच), सौर संच आणि बॅटऱ्या असे अनेक मार्ग एकत्र करण्यात आले. ब्राउन्सव्हिलमधल्या मार्कस गार्वी व्हिलेज या 625 सदनिकांच्या परवडणाऱ्या घरांच्या संकुलात 400 किलोवॅटचे सौर संच, 400 किलोवॅटचा इंधनघट आणि 300 किलोवॅटची लिथियम बॅटरी अशी जोडणी झाली. संध्याकाळी भार चढतो तेव्हा बॅटरी वीज देते आणि संकुलाची ग्रिडवरची मागणी खाली राहते. मालमत्ता सांभाळणाऱ्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने हाही व्यवसायच, आणि वीजकंपनीकडून मिळणाऱ्या मोबदल्याशिवाय त्याचा हिशेब बसवणे कठीण गेले असते.

ऐन वेळी मागणी कमी करण्याचा बाजार

दिवे आणि मोटरी बदलल्या की बचत कायमची, रोजची होते. पण तूट जर 48 तासांचीच असेल, तर त्या तासांपुरती मागणी उतरवणारा ग्राहकही तितकाच उपयोगी. त्यासाठी 2016 च्या उन्हाळ्यात कंपनीने लिलाव घेतले. 2017 आणि 2018 च्या उन्हाळ्यांत कंपनीने बोलावल्यावर संध्याकाळी चार ते आठ, किंवा रात्री आठ ते बारा, या चार तासांत ठरलेले किलोवॅट कमी करून दाखवायचे आणि त्याचा वार्षिक मोबदला घ्यायचा, असा हा सौदा. दहा बोलीदारांकडून मिळून सुमारे 22 मेगावॅट मिळाले, आणि दर किलोवॅटमागे वर्षाला 215 ते 988 डॉलर इतक्या विस्तृत पट्ट्यात ठरले.

हा पट्टा इतका रुंद का, याचा विचार केला पाहिजे. चार ते आठच्या वेळेत भार उतरवणारे ग्राहक पुष्कळ असतात. गोदामे आणि कार्यालये एसीचे तापमान दोन अंशांनी वाढवून थोडा भार सोडू शकतात. रात्री आठ ते बारा या वेळेत व्यवसाय तर बंद किंवा गर्दीत असतात आणि घरातला माणूस नुकताच पंख्याखाली बसलेला असतो. त्या वेळी भार उतरवायचा तर बॅटरी किंवा स्वतःची निर्मिती लागते आणि ती महाग पडते. बाजाराने हा फरक किमतीतून दाखवून दिला. कंपनीने एकच सरसकट दर जाहीर केला असता तर तो चार ते आठच्या ग्राहकाला जास्त आणि रात्रीच्या ग्राहकाला अपुरा ठरला असता, असे मला वाटते.

हिशेब कितपत पटतो

एक अब्ज डॉलरला 69 ने भागले तर मेगावॅटमागे सुमारे एक कोटी 45 लाख डॉलर येतात; 20 कोटींना 52 ने भागले तर 38 लाखांच्या आसपास. ही तुलना अनेक ठिकाणी केली जाते, पण ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. नवे उपकेंद्र 69 मेगावॅटपेक्षा बरीच अधिक क्षमता देते आणि चाळीस-पन्नास वर्षे टिकते. एलईडी दिव्याचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे, आणि लिलावातला ग्राहक दोन उन्हाळ्यांनंतर बांधील नसतो. योग्य तुलना मुदतवाढीच्या किमतीची आहे. भांडवलावरचा वार्षिक भार समजा 9 टक्के धरला, तर एक अब्जाचे काम एक वर्ष पुढे गेल्याने नऊ कोटी वाचतात, म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या मुदतवाढीतच वीस कोटींचा खर्च भरून निघतो. त्यापुढे मिळालेले प्रत्येक वर्ष हा निव्वळ फायदा.

प्रत्यक्षात मुदत बरीच लांबली. आधी गरजेचे मानलेले उपकेंद्र पुढे ढकलले गेले, आणि जुलै 2017 मध्ये आयोगाने मूळ अंदाजपत्रक न वाढवता कार्यक्रम पुढे चालू ठेवण्यास मंजुरी दिली. यात बचतीइतकाच वाटा दुसऱ्या एका गोष्टीचा आहे, आणि प्रामाणिकपणे तो मांडला पाहिजे : मागणीची वाढ मूळ अंदाजापेक्षा कमी झाली. टीकाकार म्हणतील की मग उपकेंद्राची गरजच नव्हती. माझा निष्कर्ष याच्या उलट आहे. अंदाज चुकू शकतो, हे मान्य केले की लहान लहान तुकड्यांत करता येणाऱ्या उपायांचे मोल वाढते. मागणी कमी आढळली तर बचतीचा कार्यक्रम त्याच ठिकाणी सावकाश करता येतो आणि उरलेला पैसा राखून ठेवता येतो. अर्धे बांधलेले उपकेंद्र अर्ध्यावर सोडता येत नाही.

खर्च कोणी सोसला, हाही प्रश्न रास्त आहे. पैसा कॉन एडिसनच्या सर्व वीजग्राहकांच्या बिलातून आला, म्हणजे वेस्टचेस्टरमधल्या ग्राहकाने ब्राउन्सव्हिलच्या दुकानातल्या दिव्याचे पैसे दिले. उपकेंद्र बांधले असते तरी हेच झाले असते, आणि रक्कम कितीतरी मोठी असती. फरक एवढाच, की उपकेंद्राचा लाभ सगळ्या भागाला सारखा मिळतो, तर इथे ज्या दुकानदाराने कंत्राटदाराला आत घेतले त्याचे बिलही कमी झाले आणि ज्याने नकार दिला त्याला तो लाभ मिळाला नाही. ब्राउन्सव्हिल आणि ईस्ट न्यूयॉर्क या शहरातल्या गरीब वस्त्यांपैकी आहेत, त्यामुळे मदतीचा ओघ तिथे वळला ही जमेची बाजू.

उपकेंद्राची गरज कायमची संपली, असा दावा करता येणार नाही. शहराने 2019 मध्ये मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा केला असून, त्यामुळे गॅस आणि तेलावर चालणारी उष्णतायंत्रे विजेवर जाणार आहेत. मोटारीही विजेवर येत आहेत. असा मूळचाच वाढता भार दिवे बदलून थोपवता येत नाही, आणि तेव्हा तांबे-सिमेंटचे काम करावेच लागेल. पण ते काम आता अधिक खात्रीच्या आकड्यांवर आणि दहा वर्षे उशिराने होईल.

महाराष्ट्राशी असलेला संबंध

आपल्याकडे कायद्याची चौकट नाही असे नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मागणी व्यवस्थापनाच्या योजनांची अंमलबजावणी आणि त्यांच्या खर्च-लाभाचे मूल्यमापन यांसाठी 2010 मध्येच दोन विनियम केले. दरांच्या मार्गाने तर महावितरणने उद्योगांवर बराच परिणाम घडवला आहे. उच्चदाब ग्राहकांची बिले एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामी न आलेली वीजही धरणाऱ्या मापावर, होऊ लागल्यावर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) सांभाळणे हे कारखान्याच्या रोजच्या कामात आले. वेळेनुसार दरही जुनेच आहेत : कैक वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत एक रुपया दहा पैसे जादा आकार होता, फौंड्रीवाल्यांनी भट्ट्या रात्रपाळीत लावल्या त्या याच हिशेबाने. जुलै 2025 पासून सवलत दिवसा सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या सौर तासांकडे आली आणि जादा आकार संध्याकाळी पाचनंतर लागू झाला, त्यामुळे पाळ्यांची ती मांडणी उलटी फिरवावी लागते आहे.

दर हे साधन प्रभावी आहे, पण ते जागा पाहत नाही. चाकणच्या ज्या फीडरवर संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर तापतो आणि गडचिरोलीच्या ज्या फीडरवर अर्धी क्षमता रिकामी असते, त्या दोन्हींवरच्या उच्चदाब कारखान्याला संध्याकाळी सात वाजता तोच दर लागतो. ब्रुकलिन-क्वीन्सच्या कार्यक्रमाने जे केले ते या दरांच्या पलीकडचे आहे : एका उपकेंद्राची तूट तासवार जाहीर केली, तिची किंमत काढली, आणि त्या किमतीच्या आत जो कोणी भार उतरवून देईल त्याला पैसे दिले.

ते इथे आणायचे तर सुरुवात भांडवली खर्चाच्या मंजुरीपासून करावी लागेल. वितरण कंपनी नव्या उपकेंद्राचा किंवा क्षमतावाढीचा प्रस्ताव आयोगापुढे ठेवते, तेव्हा त्या उपकेंद्राच्या गेल्या तीन उन्हाळ्यांतल्या भाराचा तासवार तक्ता त्यासोबत जोडणे सक्तीचे करता येईल. तूट वर्षातल्या शंभर तासांच्या आत असेल, तर त्या भागातल्या औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांकडून आधी बोली मागवाव्यात आणि त्यावर झालेल्या खर्चाला उपकेंद्राच्या भांडवलाइतकाच परतावा मान्य करावा. शीतगृहे, डेअऱ्या, मॉल, प्लास्टिक मोल्डिंगचे कारखाने आणि एमआयडीसीतली सामायिक सांडपाणी केंद्रे यांच्याकडे तासा-दोन तासांनी पुढे-मागे करता येण्याजोगा भार असतो. मीटरही बहुतेकांकडे पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारे आहेत. राहिला प्रश्न परताव्याच्या नियमाचा, आणि तो आयोगाच्या आदेशाने सुटू शकतो.